चाई दुखत नाही

माझ्या डोक्यात एक जागा दुखते. डावा कान आणि भांग यांच्या मधोमध, जिथे डोकं मागे वळायला लागतं तिथे. बाटलीच्या झाकणापेक्षा थोडी लहान, गोल. तिच्या कडेच्या बाहेर बोट ठेवलं तर काही नाही. आत ठेवलं की कुणीतरी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं होतं, आणि तो अंगठा बोट काढल्यावरही तसाच राहतो. मधूनच सुई टोचल्यासारखी कळ येते, मग परत अंगठा.

हे मी इथे लिहू शकते. घरी सांगता येत नव्हतं. सुरुवातीला मी फक्त "डोकं दुखतं" म्हणायची. डोकं सगळ्यांचंच दुखतं. आईचं उन्हातून आल्यावर दुखतं, वडिलांचं धडगावचा घाट चढताना दुखतं. वडील तिथल्या सरकारी कचेरीत आहेत, सोमवारी जीपने वर जातात आणि शनिवारी खाली येतात. त्यांनी माझे डोळे तपासून आणले, चष्मा लागला. शहाद्याच्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंनी मोबाईल कमी बघ म्हणून सांगितलं. मी मान हलवली. मला मान हलवणं जमतं.

त्याचं कारणही सांगते. नर्सरीपासून मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत होते. तिथे अहिराणी बोललं की बाई बाकावर उभं करायच्या. घरी सगळे अहिराणीच बोलतात. कळायची सगळी, पण माझ्या तोंडून ती पुस्तकातल्यासारखी यायची आणि चुलतभावंडं हसायची. मग मी घरात एकेका शब्दात उत्तरं द्यायला शिकले. हो. नही. जेवनी. उनी, म्हणजे आले. आता मी त्याच शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते आणि अजूनही घरी एका शब्दातच बोलते. एका शब्दात बोलणाऱ्या माणसाला दुखणं गोल आहे, कडा असलेलं आहे, हे सांगता येत नाही.

वर्षभर असं गेलं. एका रविवारी आई माझे केस विंचरत होती. मी दात घट्ट मिटून बसले होते, कारण कंगवा त्या जागेवरून जायचा तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. अचानक कंगवा थांबला.

"पोरी, हाई काय शे वं?"

तिने केस बाजूला केले. तिचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता. मग ती मला आरशासमोर घेऊन गेली, हातातला छोटा आरसा मागे धरला. तिथे केस नव्हते. गोल, गुळगुळीत जागा, थोडी लालसर, आणि नीट पाहिलं तर किंचित खोल गेलेली.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. म्हणजे तिथे काहीतरी आहे. आता दिसलंय, आता कुणी चष्म्याचा नंबर विचारणार नाही. मी तोंड उघडलं, सांगायला, की इथेच, याच गोलात, वर्षभर.

"चाई पडनी तुले," आई म्हणाली.

चाई म्हणजे डोक्यावरचे केस एका ठिकाणी गोल गळून जाणं. आमच्याकडे प्रत्येक घरात कुणाला तरी होऊन गेलेली असते. माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. आईने तेवढ्यात विसरवाडीला फुईला, म्हणजे वडिलांच्या मोठ्या बहिणीला, फोन लावला होता.

"ताई, पोरले चाई पडनी."

फुईचं हायवेवर हॉटेल आहे. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर, गुजरातकडे कामाला जाणारे, सगळे तिच्याकडे चहाला थांबतात आणि जगातल्या प्रत्येक आजारावर तिच्याकडे एक तरी माणूस असतो. चाईवरही होता. फोनच्या स्पीकरवर मी सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, "फुई, तठे दुखस बी."

"चाई कधी दुखस का वं?" फुई म्हणाली. "मन्हा देरले व्हयनी व्हती, त्याले पत्ताबी नव्हता. न्हाव्यानी सांगं तधळ समजनं."

आई हसली. मी एकदा प्रयत्न केला होता. परत केला नाही.

त्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर शोधलं. डोक्यातली गोल जागा दुखणं, तिथले केस जाणं, कातडी बदलणं, असं सगळं इंग्रजीत लिहून. एक नाव सापडलं. त्यात लिहिलेलं मी तीनदा वाचलं, कारण ते माझंच होतं, कडेसकट. मी ते नाव आईला वाचून दाखवलं, आईने फुईला सांगितलं, आणि फोनमधून फुईचा आवाज आला, "इंग्रजी शायमा शिकनी ना, तं दुखनंबी इंग्रजीच व्हयनं!" त्यामागे हॉटेलातले दोघंतिघं हसल्याचा आवाज आला. आईलाही हसू आवरेना. वाईट हेतूने नाही. गंमतच होती ती.

चाईचं औषध देणारे बाबा विसरवाडीजवळच्या एका पाड्यावर राहायचे. फुईने त्यांना हॉटेलवरच बोलावलं. मी ओढणी मागे सारून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, शेजारच्या टेबलावर एक क्लीनर भजी खात माझ्या डोक्याकडे बघत होता. बाबांनी लांबूनच पाहिलं, हात लावला नाही. कसल्यातरी बिया तेलात वाटलेला काळपट लेप एका बाटलीत दिला. आधी ती जागा गोणपाटाच्या तुकड्याने लाल होईपर्यंत घासायची, मग लेप चोळायचा. आणि त्यांनी एक खूण सांगितली. लेप लावल्यावर लागलं पाहिजे. लागतंय म्हणजे औषध आत उतरतंय. ज्या दिवशी लागायचं थांबेल त्या दिवशी औषध थांबवायचं, मुळं धरली असं समजायचं.

आईने ही खूण पक्की लक्षात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेची तयारी करण्याआधी आई मला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसवायची. गोणपाट उकळून, वाळवून ठेवलेला असायचा, त्यात तिची काहीच कसूर नव्हती. एका हाताने ती माझी हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हाताने घासायची. त्या क्षणांबद्दल मला फार लिहिता येत नाही. समोर पपईची झाडं होती, मी त्यांच्या खोडावरच्या पानं गळून गेल्याच्या खुणा बघत बसायचे. एका झाडावरच्या सगळ्या खुणा मला अजून आठवतात. जिथे ओढणीची किनार टेकलेली सहन होत नव्हती, तिथे गोणपाट.

मग लेप. मग आई विचारायची, "लागस का?"

"लागस."

"मंग चांगलं शे. लागू दे. औषध पोची ऱ्हायनं."

मी "दुखस" म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "हां, दुखीच ना." आणि समाधानाने बाटलीचं बूच लावलं. मी एकदा रडले तेव्हा तिने माझं तोंड पदराने पुसलं आणि म्हणाली, आजचा लेप एकदम ताजा होता. मला काय म्हणायचं तेच उरलं नाही. दुखतं म्हटलं की औषध चालू राहणार. जितकं जास्त दुखतं म्हणेन तितकं ती मन लावून चोळणार. माझ्याजवळ जेवढे शब्द होते ते सगळे त्या बाटलीच्या बाजूने होते.

दिवसभर ती जागा जळत राहायची, आणि त्या जळण्याच्या खाली मूळचं दुखणं तसंच, अंगठा दाबून. रात्री मी उजव्या कुशीवर झोपायची. झोपेत वळले की जाग यायची. शाळेत मुलं कविता म्हणत असताना मी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकायची आणि टेकवता येत नाही हे आठवून परत सरळ बसायची. एकदा चित्रकलेच्या तासाला मुलं बाटलीचं झाकण ठेवून गोल काढत होती. मी त्या गोलांकडे बघत विचार करत होते की तेवढाच तुकडा कुणी कापून नेला तर मी देऊन टाकेन, कवटीसकट, परत मागणार नाही. एका मुलीने विचारलं, "टीचर, माझा चांगला आहे?" मी म्हणाले, हो, खूप छान.

काही आठवड्यांनी कातडी फुटली. पाणी येऊ लागलं. केस चिकटायचे. आईने लेप थांबवला नाही, फक्त हळू चोळायला लागली. एका सकाळी तिने विचारलं, "लागस का?" आणि मी म्हणाले, "नही."

ती थांबली. "खरंच?"

"नही लागत."

तिने नखाने हळूच दाबून पाहिलं. मी पपईच्या झाडाकडे बघत राहिले आणि चेहरा हलू दिला नाही. माझ्या मांडीवर माझीच नखं रुतलेली होती. तिने पुन्हा दाबलं. मी जांभई दिली. कुठून सुचली मला ती जांभई, माहीत नाही.

आईने गोणपाट तिथेच चुलीत टाकला. मला जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला, लहानपणी घ्यायची तसा. मग फोन. "ताई, बरी व्हई गई पोर!" फुई म्हणाली, मी सांगं व्हतं ना. हॉटेलवर त्या दिवशी बाबांना फुकट चहा मिळाला. शनिवारी वडील आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं आणि ते म्हणाले, चला, एक काळजी मिटली. माझ्याकडे बघून हसले. ते फार कमी हसतात.

घासणं थांबलं. पहिले दोन दिवस मला त्याचाच इतका आराम वाटला की बाकी काही सुचलं नाही. मग कळलं की मी काय करून बसले. लागणं आणि दुखणं त्यांच्यासाठी एकच होतं. मी लागत नाही म्हणाले, म्हणजे दुखत नाही म्हणाले. आता दुखायला मला जागाच नव्हती.

दुपारी शाळेतून येऊन आडवी झाले की आई दारात यायची. "आते काय व्हयनं? बरी व्हयनी ना तू?" मी उठून बसायची. डोक्याला हात गेला तर शेजारच्या काकू म्हणायच्या, सवय लागली इला. गोळ्यांची पाकिटं मी शाळेच्या कपाटात खडूच्या डब्यात ठेवली होती. त्यांनी काही व्हायचं नाही, पण घेतल्यावर तासभर वाट बघता यायची, की आता कदाचित. त्या तासासाठी मी घ्यायचे. बाकीच्या वेळात वाट बघायलाही काही नव्हतं. माझं वय चोवीस आहे. आपल्याकडे माणसं सत्तरपर्यंत जगतात. फळ्यावर तारीख लिहिताना असले विचार यायचे आणि मी खडू ठेवून खिडकीशी जायची.

जखम भरली. केस मात्र आले नाहीत. जागा आधीपेक्षा पातळ आणि चकचकीत झाली, त्यात बोट ठेवलं तर खळगा लागायचा. आई रोज बघायची, बोलायची नाही. फुई बोलली. पोरगी दाखवायची वेळ आली, डोक्यावर असा ठिपका घेऊन कसं बसवणार, सुरतला केसांचा मोठा डॉक्टर आहे, नेऊ.

आम्ही बसने निघालो, विसरवाडीला फुई चढली. तिच्याकडे भाकरीचं गाठोडं आणि गुजराती बोलायचा आत्मविश्वास होता. पूर्ण रस्ता मी खिडकीच्या दांडीपासून डोकं लांब धरून बसले. माझ्या डोक्यात एकच विचार होता. हा डॉक्टर विचारेल. विचारलं तर सांगायचं. आई शेजारी असेल, तरी सांगायचं. मी मनात वाक्य तयार करत होते, अहिराणीत, मग मराठीत, मग इंग्रजीत, आणि प्रत्येक वेळी आईचा चेहरा मध्ये यायचा.

आत दोघींनाच सोडत होते. फुई बाहेर बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर वयस्कर होते, हिंदी बोलत होते. त्यांनी दिवा लावलेलं भिंग घेऊन जागा बराच वेळ बघितली. मग विचारलं, "यहाँ दर्द होता है?"

"पहले लगता था, डॉक्टरसाब," आई म्हणाली. "दवाई से. अब बंद हो गया. अब कुछ नहीं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं.

पेन कागदावर चालायला लागलं. तो आवाज मला ऐकू येत होता. आता तो कागद पूर्ण होईल, केस यायचं तेल लिहिलं जाईल, आम्ही बाहेर जाऊ, भाकरी खाऊ, बसमध्ये बसू. मग घर. मग परत कधीच कुणी विचारणार नाही.

मी इंग्रजीत बोलले. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले की माझी आई खरं सांगतेय, तिला मीच तसं सांगितलं होतं, पण दुखणं थांबलेलं नाही. औषधाआधी वर्षभर होतं, औषधात होतं, आता आहे, तुम्ही लिहिताय तेव्हाही आहे. आणि ते गोल आहे. हे वाक्य म्हणताना मी रडायला लागले.

डॉक्टरांनी पेन माझ्याकडे दिलं. म्हणाले, आरशाशिवाय काढून दाखव, कुठून कुठपर्यंत. मी स्वतःच्या डोक्यावर गोल काढला. त्यांनी भिंग लावून बघितलं. पेनाची रेघ आणि केस गेलेल्या जागेची कड जवळजवळ एकच होती.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. पण माझ्या हाताकडे बघून तिला कळलं होतं. डॉक्टर तिच्याशी हिंदीत बोलले, हळू. ही चाई नाही. चाईत कातडी अशी आत बसत नाही आणि चाई दुखत नाही. हे दुखणंच वेगळं आहे, फार कमी जणांना होतं, एका गोल जागेतच राहतं, सिक्क्यासारखं, म्हणजे नाण्यासारखं, म्हणून त्याचं नावच सिक्क्यावरून आहे. काही जणांच्या तिथल्या कातडीत आणि केसांत असा बदल होतो. त्या जागेला घासू नका, काही लावू नका. वरच्या मजल्यावर नसांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा.

वरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात काही निघालं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की कमी होऊ शकेल, पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, काहींचं वर्षानुवर्षं राहतं. ते चांगल्या आवाजात म्हणाले. मी धन्यवाद म्हणाले.

बाहेर फुईने विचारलं, "काय म्हने?"

आईने उत्तर दिलं, आणि तिला जे समजलं होतं तेच दिलं. "चाई नही शे, ताई. तिन्हा डोकामा सिक्का शे."

"अरे बाप!" फुई उभीच राहिली. "गिळी लिधा का काय इनी?"

"गिळेल डोकामा कसा जाई?"

"मंग कथाइन उना?"

"ते त्यासलेबी माहीत नही. फोटोमाबी नही दिसना. पन शे. दोन रुपयाइतला."

मी समजावून सांगायला हवं होतं. मी फार दमले होते.

परतीच्या बसमध्ये फुई विसरवाडीला उतरल्यावर आई खिडकीशी सरकून बसली. मग खिडकीकडे बघतच म्हणाली, "रोज इचारं ना मी तुले."

"तू लागस का इचारं."

"मंग? लागस अन् दुखस, एकच ना वं?"

तिचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला, तिथून वर जायला निघाला आणि मध्येच थांबला. मग तिने तो स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्या हाताला आता कुठे जायचं ते कळत नव्हतं. तेव्हापासून माझे केस मीच विंचरते. ती दारातून बघते.

गोळ्या सुरू होऊन बरेच दिवस झाले. त्यांनी झोप येते, शाळेत शब्द सापडत नाहीत. सुईसारखी कळ कमी झाली आहे. अंगठा तसाच आहे. कधी वाटतं थोडा सैल झाला, आणि दुसऱ्या सकाळी डोळे उघडायच्या आत कळतं की नाही. मला आशा ठेवायची भीती वाटते.

डोक्यातला सिक्का मात्र फुईच्या हॉटेलातून ट्रकवाल्यांबरोबर सगळीकडे गेला. आमच्या गल्लीत तर तो त्याच दिवशी पोचला होता. आता मी दुपारी आडवी झाले तर कुणी काही म्हणत नाही. शेजारच्या काकू स्पीकर बारीक करतात आणि आपल्या नातवाला सांगतात, ताईच्या डोक्यात सिक्का आहे, ओरडू नको. वर्षभर मी दुखतं म्हणत होते. धातूचा तुकडा डोक्यात आहे म्हटल्यावर दुखणं सगळ्यांना पटलं. वडिलांना खरं काय ते माहीत आहे, तेही कुणाला दुरुस्त करत नाहीत.

परवा पलीकडच्या घरातली म्हातारी काठी टेकत बघायला आली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्या दिवशी फार होतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली, माझ्या पावलावर हात ठेवला आणि आईला अगदी हळू आवाजात विचारलं, "कितलाना शे वं सिक्का?"

"दोन रुपयाना," आई म्हणाली.

म्हातारीने चुकचुक केलं. मी भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "मम्मी, दोनना नही. पाचना शे. जाडा, जुना वाला."

मागून आईचा आवाज आला, म्हातारीला सांगणारा, "पाचना शे म्हने, बाई." तिच्या आवाजात रडू होतं. म्हातारीचा हात माझ्या पावलावर तसाच राहिला.